जिप्सीला मागचा कॅमेरा: स्टेपनीच्या मधे की बंपरखाली? आणि दारातून वायर कशी न्यायची?

उजनी_फाटा

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी, २०१२ ची, सॉफ्ट टॉप. राहायला जुळे सोलापूर, शेती मोहोळ तालुक्यात. त्यामुळे गाडी निम्मा वेळ डांबरीवर आणि निम्मा वेळ कॅनॉलच्या भरावावर. भरावावर वळवायला जागा नाही. समोरून उसाची ट्रॉली आली की आपणच मागं मागं घेत पार पुलापर्यंत जायचं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खोल चारी.

मागचं दिसायची बोंबच आहे. टपाची मागची प्लॅस्टिकची खिडकी उन्हानं पिवळी पडून धुरकट झालीय आणि तिचा खालचा भाग स्टेपनी खाते. बाजूच्या आरशांत दोन्ही कडा दिसतात, मधलं काहीच नाही. एरवी उतरून बघून येतो. पण सध्या आमच्या वस्तीला ऊसतोडीची टोळी उतरलीय, त्यांच्या कोप्या (झोपड्या) गाडी लावायच्या जागेला अगदी लागून आहेत. पोरं दिवसभर गाडीभोवती. मी मागं बघून येऊन स्टिअरिंगवर बसेपर्यंत एखादं पोर मागच्या चाकाला टेकून बसलेलं असतं. तेव्हा कॅमेरा हौसेखातर नाही, लागणारच आहे.

सामान आणलंय. लहान चौकोनी कॅमेरा, १२ व्होल्टचा, चित्राच्या वायरीला पिवळी आरसीए पिन, सहा मीटर केबल. डब्यावर '१७० डिग्री, वॉटरप्रूफ' एवढंच लिहिलंय. सोबत आतल्या आरशावर चढवायची ४.३ इंची स्क्रीन. दुकानदार म्हणाला, नंबर प्लेटवर अर्ध्या तासात लावून देतो. वायर कुठून नेणार विचारलं तर म्हणाला, खालून, टाय मारत मारत. तिथंच मन खट्टू झालं, डबा घेऊन घरी आलो.

कॅमेरा नक्की कुठं लावू? मागचं दार बाजूला उघडतं, त्यातून वायर कशी न्यावी? आणि हे सगळं टाळून वायरलेस घेतला तर?

थार_विजापूर_रोड

वायरलेस घ्या, डोक्याला ताप नाही. माझी २०२१ ची हार्डटॉप थार. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले, तसे मलाही कंपनीचे सेन्सर मिळाले, पण कॅमेरा नव्हता. शेतात त्या सेन्सरचा उपयोग शून्य. गवताची काडी आडवी आली तरी केकाटतात आणि मागं खड्डा असेल तर गप्प. मी वायरलेस कॅमेरा लावला, मोबाइलवर बघतो. कधीकधी चित्र अडकतं, पण शहरात काम भागतं. आसरा चौकात गाडी लावायला पुष्कळ आहे.

थिंबल_अण्णा (होटगी रोड)

मालक, दुकानातनं डबा परत घेऊन आलात ते लई बेस केलात.

आधी वायरलेसचं मिटवू. वायरलेस म्हणजे फक्त चित्राची वायर वाचती. कॅमेऱ्याला करंट लागतोच, तो रिव्हर्सच्या लाइटवरनंच घ्यायचा, म्हणजे दारातनं वायर न्यायची ती न्यायचीच. वर मोबाइलवर चित्र येतं ते वाय-फायवरनं, मागं पडून येतं. थारवाले साहेब स्वतःच म्हणतात अडकतंय. पार्किंगमधी अडकलं तर हॉर्न वाजंल. तुमच्या भरावावर अडकलं तर गाडी पाण्यात. पोरं मागं हायेत म्हणताय, मग वायरचाच लावा.

दुसरं, कॅमेरा हजाराचा असू दे नाहीतर पाच हजाराचा, शेतातली गाडी त्याला सहसा मारत न्हाई. मरतो तो जोड, नाहीतर अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली काळी वायर. 'अण्णा, कॅमेरा गेला' म्हणत गाडी येती, मी कॅमेरा काढून टेबलावर बॅटरी लावून बघतो, चित्र झकास. मग दाराच्या बिजागरीपाशी वायर दाबून बघितली की आतली तार तुटलेली लागती हाताला. वरचं रबर शाबूत, आत तांब्याचा भुगा.

आता जागा. बंपरखाली किंवा नंबर प्लेटपाशी लावू नका. मागच्या चाकानं उडालेला चिखल सगळा तिथंच बसतो, आणि काळी माती वाळली की काचेवर दगड होती. शिवाय खालनं स्टेपनी आडवी आली तर वरचं अर्धं चित्र टायरचंच. जागा एकच, स्टेपनीच्या मधोमध. हे माझ्या डोक्यातनं आलेलं न्हाई. अमेरिकेत १ मे २०१८ पासनं साडेचार टनाच्या आतल्या सगळ्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, आणि त्याच सुमाराची नवी रँग्लर जीप आली तिला कंपनीनंच कॅमेरा स्टेपनीच्या पोटात दिला. कंबरेच्या उंचीला येतो, बरोबर मधे येतो, आणि वेडंवाकडं कुठं घासलं तर आधी टायर घासतो.

ब्रॅकेट स्टेपनीच्या नटाखाली धरू नका. पंक्चर झालं की स्टेपनी काढणार, तेव्हा कॅमेरा हातात घेऊन फिरणार का? स्टेपनी ज्या लोखंडी स्टँडवर बसती त्या स्टँडला पकडा. तीन एमएमची पट्टी काटकोनात वाकवून घ्या, दोन बोल्ट, आणि ती रिमच्या मधल्या भोकातनं बाहेर काढा. वेल्डिंगवाला चहा पीत पीत करून देईल. कॅमेऱ्याचं तोंड टायरच्या बाहेरच्या कडेबरोबर सपाट आणा. बाहेर आलं तर बाभळीची फांदी नेईल. लई आत गेलं तर चित्राच्या चारी कोपऱ्यांत काळं येतं, ती रिमची कड असती. म्हणून बोल्ट पक्का आवळायच्या आधी स्क्रीन जोडा, पट्टी मागंपुढं करून बघा. उद्या जाड टायर टाकले तर परत मागंपुढं करावं लागंल, म्हणून पट्टीला गोल भोक नको, लांबट खाच पाडून घ्या. डबल टेपनं चिकटवायचा नादच करू नका. आपल्याकडं एप्रिल-मेमधी ४२-४३ डिग्रीला तो गोंद वितळून कॅमेरा खाली लोंबतो.

वाकवताना एवढं बघा, चित्राच्या खालच्या कडेला आपल्याच बंपरची बारीक पट्टी दिसली पाहिजे. नुसती जमीन दिसत असंल तर आपण कुठं संपतो आणि पोर कुठं उभं हाय ते कळत न्हाई.

आता दार. खरं काम हितंच हाय, सावकाश करा. कॅमेऱ्याची शेपटी साधारण फूटभर असती आणि तिच्या टोकाला पिन. कॅमेरा वॉटरप्रूफ असतो, पिन नसती. डब्यावर नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलंय त्याला काही अर्थ न्हाई. आयपी ६७ लिहिलं असंल तर पहिला सहा म्हणजे धूळ आत जात न्हाई आणि सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण सर्व्हिसिंगला जोराच्या फवाऱ्यानं धुतात त्याची हमी त्यात येत न्हाई, त्याला आयपी ६९ के लागतं. तुमच्यावर आकडाच न्हाई, म्हणून धुणाऱ्याला सांगायचं, कॅमेऱ्यावर गन धरू नको बाबा.

ती पिन दाराच्या पोकळीत किंवा टपाच्या आत आली पाहिजे, बाहेर उघडी लोंबकळायला नको. पत्र्याला भोक पाडाल तिथं आधी रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी कडी. भोकाच्या कडेला कानशीनं घासून रंगाचा हात मारा, न्हाईतर वर्षात गंज. दारातनं बॉडीत जाताना बिजागरीच्या बाजूनंच जायचं, कुलपाच्या बाजूनं न्हाई. दोन्हीकडं ग्रोमेट आणि मधे रबरी बूट, म्हणजे वायरवर चढवायची लवचिक नळी. जुन्या गाडीच्या दाराचा बूट भंगारवाल्याकडं मिळतो. बुटाच्या आत वायर ताणून ठेवू नका. दार पूर्ण उघडा आणि बघा, अजून दोन-तीन इंच ढील शिल्लक पाहिजे. बंद केल्यावर ती ढील कुठं चिमटत न्हाई ना, तेबी बघा. टाय मारायचा तो बुटाच्या अलीकडं आणि पलीकडं, बुटावर न्हाई. आणि वायर दारात शिरायच्या आधी एकदा खाली झोक देऊन वर घ्या. पावसाचं पाणी त्या झोकातनं थेंब थेंब खाली पडतं, भोकात जात न्हाई.

गाडीखालनं टाय मारत नेणारा माणूस तुमचा दुश्मन हाय. एकीकडं सायलेन्सर, दुसरीकडं प्रॉपेलर शाफ्ट, आणि खालनं धसकटं. उसाचं धसकट वायरला कसं उपटतं ते तुम्हाला मी काय सांगणार. आतनं न्या, बाजूच्या पत्र्याच्या कडेनं, फ्लोअर मॅटखालनं, डॅशबोर्डपर्यंत, फ्लेक्झिबल पाइप घालून. जिप्सी चार मीटरची, सहा मीटर केबल पुरती. उरलेली गुंडाळून डॅशमागं कोंबू नका, मागच्या चाकाच्या कमानीपाशी आतल्या बाजूनं मोकळी फिरवा.

करंट मागच्या रिव्हर्स लाइटच्या वायरवरनं. किल्ली ऑन, इंजिन बंद, चाकाला दगड, गिअर रिव्हर्स, आणि टेस्ट लॅम्पनं वायर शोधा. वायर न सोलता वरनं चिमटवायच्या त्या निळ्या-लाल क्लिपा मिळतात, त्या वापरू नका. त्यांचं पातं अर्धी तार कापतं, आणि हादऱ्यानं उरलेली तुटती. जिप्सीला पुढं-मागं पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) हायेत, हादरे कमी पडत न्हाईत. वायर सोलून थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची टोपी) दाबा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). काळी टेप नुसती मारली तर उन्हाळ्यात तिचा गोंद बाहेर येतो आणि टेप सरकून जोड उघडा पडतो. हात लावला की बोटं काळी होतात, तो जोड समजायचा गेला. लाल वायरला एक अँपिअरचा फ्यूज टाका. कॅमेरा त्याच्या पाव भागसुद्धा करंट खात न्हाई.

अर्थ बॉडीला, पण रंग खरवडून पांढरं लोखंड दिसेपर्यंत. वर थिंबल, बोल्ट, आणि बोल्टवर ग्रीस. लाइटच्या जुन्या अर्थवर भरवसा ठेवू नका, बारा-पंधरा वर्षांची गाडी हाय.

बार्शी_ज्वारी

अण्णांच्या बिजागरीच्या मुद्द्याला माझा दुजोरा. आमच्या बोलेरोलाही स्टेपनी मागच्या दारावरच आहे. मी स्वतः चालवते, ज्वारीची पोती भरून मळ्यातून रिव्हर्स काढणं रोजचं.

दोन गोष्टी माझ्याकडून. काच कधीही कोरडी पुसू नका. काळ्या मातीत बारीक खडे असतात, रुमालानं पुसली की ओरखडे उठतात आणि संध्याकाळच्या उन्हात सगळं चित्र पांढरं होतं. मी दारात पाण्याची बाटली ठेवते. आधी पाणी ओतायचं, माती भिजू द्यायची, मग बोटानं हळूच सरकवायची. आणि ते पाणी बोअरचं नको. आमच्याकडचं बोअरचं पाणी काचेवर वाळलं की क्षाराचा पांढरा थर धरतं, तो लवकर निघत नाही. प्यायच्या पाण्याचा घोट पुरतो.

दुसरं, स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर विसंबू नका. कारखान्यात बसलेल्या माणसाला तुमचा कॅमेरा किती उंचीवर आहे ते कुठं ठाऊक? मी खळ्यात गाडी सपाट उभी केली आणि बंपरपासून एक, दोन, तीन मीटरवर चुन्याची फक्की मारली. मग स्क्रीनवर बघितलं तर लाल रेषा मीटरभरावर नाही, त्याच्या बऱ्याच पुढं पडत होती. आता मला ठाऊक आहे की रेषेच्या खाली काय आणि वर काय. कॅमेऱ्याच्या शेपटीवर दोन बारीक वायरींचे वेढे असतात बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत एक कापला की रेषा जातात, दुसरा कापला की चित्राची डावी-उजवी बाजू उलटते. कोणता कशाचा ते सोबतच्या कागदावर असतं, वाचल्याशिवाय कात्री लावू नका.

आणि चढ-उतारावर रेषा सरळ खोटं सांगतात. मागं चढ असेल तर मागची वस्तू आहे त्याहून लांब वाटते, म्हणजे ठोकायची भीती. मागं उतार असेल तर जवळ वाटते. तुमच्या भरावावरून खाली वस्तीकडं रिव्हर्स घेताना वेगळं दिसेल आणि खालून भरावाकडं घेताना वेगळं. पोरं आहेत तिथं तर रेषा बघूच नका, नुसतं पोर दिसतंय का ते बघा. दिसलं की थांबा.

उजनी_फाटा

अण्णा, ताई, दोघांचेही आभार. ब्रॅकेट अक्कलकोट रोडला एमआयडीसीत करून घेतलं, खाचेसकट. वायर आतून नेली, बूट एका जुन्या व्हॅनच्या दाराचा मिळाला. तो लावायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. चित्र स्वच्छ आहे, कोप्यांच्या चुली दिसतात.

एकच अडचण. इंजिन बंद असताना चित्र काचेसारखं. इंजिन चालू केलं की आडव्या पट्ट्या खालून वर सरकत राहतात, रेस केलं की भराभर. स्क्रीनचा अर्थ मी डॅशबोर्डखाली एका बोल्टला दिलाय, कॅमेऱ्याचा मागं, खरवडून.

आणि एक विचारायचं होतं. फवाऱ्याची ट्रॉली जोडताना गाडी गिअरमधून काढली की चित्र जातं. गिअर न टाकता कॅमेरा चालू ठेवता येईल का?

थिंबल_अण्णा (होटगी रोड)

पट्ट्या रेसबरोबर वाढतात म्हणजे अल्टरनेटरचा करंट चित्राच्या वायरीत शिरतोय. पुढचा अर्थ आणि मागचा अर्थ यांच्यात जरा फरक पडला की तो करंट केबलच्या जाळीवाटे वाट काढतो. आधी खात्री करा. कॅमेऱ्याचा काळा वायर मागच्या बोल्टवरनं सोडा आणि एक लांब वायर घेऊन तो थेट स्क्रीनच्या अर्थच्या बोल्टला लावा. पट्ट्या गेल्या तर दुखणं सापडलं. मग तीच वायर चित्राच्या केबलबरोबर कायमची आतनं ओढून घ्या, दोघांचा अर्थ एका बोल्टवर. तरीबी ऱ्हायल्या तर बॅटरीपासनं बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बघा. जुन्या गाडीत ती हिरवी पडलेली असती, साफ करून आवळा. फिल्टर वगैरे विकायला लोक बसलेत, त्याची गरज शेवटी.

ट्रॉलीचं होतंय की. डॅशवर एक बटण, त्याला करंट किल्ली ऑन झाल्यावर येणाऱ्या लाइनवरनं, फ्यूज टाकून. पण ते बटण सरळ कॅमेऱ्याच्या लाल वायरला जोडलात तर करंट उलटा जाऊन मागचे रिव्हर्स लाइटबी पेटतील, आणि एक अँपिअरचा फ्यूज उडंल. म्हणून दोन डायोड लागतात, म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणारे बारके भाग, १एन४००७, दुकानात दोन-चार रुपयाला मिळतो. एक रिव्हर्स लाइटकडनं येणाऱ्या वायरीत, एक बटणाकडनं येणाऱ्या वायरीत. दोघांची पांढरी पट्टी कॅमेऱ्याकडं. पट्टीकडनं करंट बाहेर पडतो, उलटा शिरत न्हाई. डायोडमधी पाऊण व्होल्ट पडतो, कॅमेऱ्याला काय फरक पडत न्हाई. डायोडचे पाय लई नाजूक, डाग देऊन (सोल्डर करून) वर हीट श्रिंक घाला आणि लाकडी पट्टीच्या तुकड्याला बांधून ठेवा, लोंबकळत ठेवू नका.

आरशाच्या बऱ्याच स्क्रीन मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आलं की आपोआप चालू होतात. तुमची होत नसंल तर तिची रिव्हर्सची वायर डायोडच्या पुढं, कॅमेऱ्याच्या बाजूला जोडा.

थार_विजापूर_रोड

अण्णा, माझ्या थारला हे असंच चालेल का? वायरलेस काढून टाकावा म्हणतोय.

थिंबल_अण्णा (होटगी रोड)

चालतंय, पण तुमची गाडी नवी, मागचं वायरिंग कापायचं न्हाई. लाइटच्या सॉकेटमधी मधे घालायचा कपलर मिळतो का बघा, त्यावरनं करंट घ्या. वॉरंटीचं भांडण नको. स्क्रीन वेगळी घेताय की कंपनीचीच वापरताय ते सांगा. नव्या कॅमेऱ्यांत एएचडी, म्हणजे एचडी चित्राचे येतात, त्यांचं चित्र चांगलं, पण स्क्रीनला एएचडी समजत नसंल तर नुसतं काळं दिसतं नाहीतर चित्र पळत ऱ्हातं. घेताना दोन्ही एका जातीचं घ्या.

उजनी_फाटा

अर्थ पुढच्या बोल्टवर आणला. पट्ट्या गेल्या, एकही नाही. बटणाचं पुढच्या आठवड्यात करतो.

रात्रीचं काय करू? रिव्हर्सच्या पिवळट उजेडात कॅमेऱ्यात नुसती सावली दिसते, आणि टोळी पहाटे चारला उठते.

थिंबल_अण्णा (होटगी रोड)

आधी लाइटची काच उघडून आतली माती धुवा आणि बल्ब २१ वॅटचाच हाय का बघा, कुणीतरी बारका टाकलेला असतो. त्यानं भागलं नाही तर मागं खाली तोंड करून एक लाइट लावा, पण रिलेवरनं, म्हणजे बारक्या करंटनं मोठा लोड चालू करणाऱ्या स्विचवरनं. चार पिनी रिले, ८६ ला रिव्हर्सची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरनं फ्यूज घालून जाड वायर, ८७ वरनं लाइट. रिव्हर्सच्या स्विचवर थेट लोड टाकू नका, गिअरबॉक्सवरचा तो स्विच बारीक असतो, जळला की कॅमेराबी गेला. आणि लाइट कोप्यांच्या तोंडावर मारू नका, जमिनीवर पाडा. पहाटे झोपलेली पोरं असतात.